नववा मासा

३ ऑगस्ट

चि. सूनबाईस,

आशीर्वाद आहेतच, ते वेगळे लिहीत बसत नाही. परवा फोनवर तू जे बोललीस त्यातलं निम्मं मला ऐकू आलं नाही आणि उरलेल्या निम्म्याला मी नुसतं 'हो हो' म्हणत गेलो, हे तुझ्या लक्षात आलं असेलच. कान आता कामातून गेले. तेव्हा यापुढे पत्रच. कागदाला आपल्याकडे तोटा नाही. चाळीस वर्षं लोकांची पुस्तकं बांधली, त्यांच्या कापणीतून उरलेले कागद अजून माळ्यावर पडलेत. मला जन्मभर पुरतील आणि नंतर तुला सामानाच्या याद्या करायलाही उरतील.

कामाचं लिहितो. मला एक कॅमेरा घ्यायचाय. टाकीतल्या माशांचं रात्रीचं चित्रण करायचं आहे. म्हाताऱ्याला हे काय सुचलं म्हणून हसशील, तर आधी पुढचं वाच.

आपला ठोंब्या हॉस्पिटलसाठी तुझ्याबरोबर तिकडे निघाला, तेव्हा त्याने टाकी माझ्या ताब्यात दिली. तू दारात बॅगा घेऊन उभी होतीस. नऊ मासे त्याने मला बोटाने मोजून दाखवले. आठ जण साधेच, पण तो लांबट, पट्ट्यापट्ट्यांचा, त्याच्याबद्दल त्याने मला तीनदा बजावलं. तो दिवसा वाळूत तोंड खुपसून पडतो आणि रात्री दोननंतर बाहेर येऊन टाकीची एक फेरी मारतो, म्हणून त्याचं नाव वॉचमन. कॉलेजात असल्यापासून त्याने तो सांभाळलेला. "बाबा, याला जपा," म्हणाला. मी म्हणालो, तू परत येईपर्यंत नवाचे आठ होणार नाहीत.

तो परत आला नाही, त्याला आता चार महिने होतील. पण मी शब्द दिला तो दिलाच. त्याने माझ्यावर सोपवलेलं ते शेवटचं काम आहे. आणि अडचण अशी की मला रोज आठच मासे दिसतात.

मी जागून बघितलं. टॉर्च घेऊन खुर्चीत बसतो, दीडपर्यंत डोळे उघडे ठेवतो, आणि जाग येते तेव्हा दूधवाला बेल वाजवत असतो. म्हणून कॅमेरा. तो माझ्यासारखा पेंगणार नाही. टाकी तीन फूट लांब, पुढच्या खोलीत कपाटावर, शेजारी रस्त्याकडची खिडकी. बाहेर दिव्याचा खांब आहे, त्याचा थोडा उजेड आत येतो. शेजारचा चष्मेवाला म्हणतो त्याच्याकडचा लग्नात वापरलेला कॅमेरा चालेल. त्याचं कितपत ऐकायचं ते तुला माहीत आहे. तू दिवसभर कॅमेऱ्याच्या दुकानात उभी असतेस, तूच सांग कुठला घेऊ.

वॉचमन एकदा डोळ्यांनी दिसला की मी निवांत झालो. त्याची फिल्म तुलाही पाठवीन.

बाबा


१९ ऑगस्ट

ती. बाबांना नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. दुकानात माल आला होता, मोजणी चालू होती.

बाबा, रात्रीचं चित्रण दिसतं तितकं सोपं नसतं. कॅमेऱ्याला उजेड लागतो. उजेड दिला तर मासे बिथरतात, नाही दिला तर पडद्यावर नुसती काळी माती दिसते. त्यात मध्ये काच. काचेत कॅमेऱ्याचाच दिवा उमटतो आणि मागची खोली उमटते. आमच्याकडे येणारी चांगली चांगली माणसं या नादात हात टेकतात. तुम्ही नवीन काही विकत घेऊ नका. दुकानातला एक दाखवायचा कॅमेरा मालकांना विचारून पाठवत आहे, तो परत नाही केला तरी चालेल. टाकीपासून चार-पाच फुटांवर, बरोबर समोर ठेवा. उजेडासाठी टॉर्चवर पातळ कागद गुंडाळून शेजारी लावा.

आणि आठ दिसतात म्हणून काळजी करू नका. तो वाळूत असेल. हे मासे महिनोन्महिने दिसत नाहीत. जागरणं मात्र बंद करा. रक्तदाबाची गोळी रोज घेता ना? मी इथे बरी आहे. खोलीत एक खिडकी आहे, सकाळी ऊन येतं.

आपली सून


४ सप्टेंबर

चि. सूनबाईस,

कॅमेरा पोचला. तू सांगितलंस तसं सगळं केलं. चार रात्रींची फिल्म चष्मेवाल्याच्या कॉम्प्युटरवर बघितली. पहिल्या रात्रीत टाकीच्या मधोमध एक भलामोठा चंद्र, तो टॉर्चचा. दुसऱ्या रात्रीत खुर्चीवर वाळत घातलेली माझी विजार, काचेत इतकी स्पष्ट की तिचं बटण तुटलेलं आहे हेही कळलं. तिसऱ्या रात्री धुकं. चौथ्या रात्री मी स्वतः, पाणी प्यायला उठलेला. मासे कुठेच नाहीत. चष्मेवाला इतका हसला की त्याचाच चष्मा पडला.

तुझ्याकडून काही राहिलं का? कारण चष्मेवाल्याने सांगितलं ते वेगळंच होतं. तो म्हणाला, कॅमेरा लांब ठेवायचाच नाही, काचेला टेकवायचा आणि भोवती काळं कापड गुंडाळायचं, म्हणजे खोलीतलं काही आत येत नाही. मला ते पटलं. माळ्यावर बांधणीचं काळं कापड होतं. पुठ्ठ्याची चौकट केली, खळ शिजवली, कापड चढवलं, कोपरे लाकडी मोडपट्टीने दाबून पक्के केले आणि रात्रभर वजनाखाली दाबून ठेवलं. मोठ्या शब्दकोशाला करायचो तसं खोकंच झालं. कॅमेरा त्यात असा बसतो की हलवू म्हटलं तरी हलत नाही. बऱ्याच दिवसांनी हाताला खळीचा वास आला. बरं वाटलं.

आता विजार दिसत नाही, पण मासेही दिसत नाहीत, कारण तुझा कॅमेरा अंधारात आंधळा आहे. मी इथल्या दुकानात चौकशी केली. तो पोरगेलासा विक्रेता म्हणाला, अंधारात बघणारे कॅमेरे निराळेच येतात. ते आपल्याला आणि माशांनाही न दिसणारा उजेड टाकतात. त्यांत दोन जाती. एकीचे दिवे अंधारात लालसर चमकतात, दुसरीचे अजिबात नाही, पण तिचं चित्र थोडं फिकं येतं. कुठली घेऊ? तो म्हणाला विचार करून या. मी म्हणालो विचार माझी सून करते.

एक वही घातलीय. रोजची तारीख, पाण्याचं तापमान, दिसलेले मासे. आकडा अजून आठच आहे.

बाबा


८ सप्टेंबर

ती. बाबांना नमस्कार.

लगेच लिहिते आहे. दुसरा कॅमेरा घेऊ नका. दोष कॅमेऱ्याचा नाही, घरातल्या उजेडाचा आहे. आमच्याकडे एक गिऱ्हाईक येतात, त्यांच्याकडे असलेच मासे आहेत. ते सांगत होते, या जातीला उजेडाची आणि पावलांची एकदा धास्ती बसली की ती बाहेरच पडत नाही. तुम्ही टॉर्च लावून बसत होता ना, त्यानेच बिनसलं असेल. आता काही आठवडे टाकीच्या खोलीत संध्याकाळनंतर दिवा लावायचा नाही, खिडकी झाकायची, वावर ठेवायचा नाही. कॅमेराही नको. त्याला विसरू द्या. सावकारासारखं त्याच्या मागे लागलात तर तो आणखी आत जाईल.

खोकं छान झालं असणार. तुमच्या हातचं आहे ते.

सून


३० सप्टेंबर

चि. सूनबाईस,

तुझा हुकूम शिरसावंद्य. खिडकीला काळं कापड ठोकलं. नुसत्या टाकीच्याच खोलीत नाही, आतल्या खोलीचा आणि मोरीचाही दिवा बंद ठेवला, कारण दाराच्या फटीतून उजेड येतो. दिवस मावळायच्या आत जेवून घेतो. मग अंधारात बसतो. पलंगापासून मोरीपर्यंत अकरा पावलं, मोरीपासून खुर्चीपर्यंत सात, हे आता पायांना पाठ झालंय. पुस्तकाची शिवण मी शेवटी शेवटी न बघताच घालायचो, तसंच हे. चष्मेवाला म्हणतो, घरात चोर शिरला तर तोच घाबरेल.

एका बाबतीत मात्र तुझं ऐकलं नाही. तो कॅमेरा घेतला, अजिबात न चमकणारा. विक्रेत्याने एक युक्ती सांगितली, दिवा कॅमेऱ्याजवळ ठेवायचाच नाही, वेगळा टाकीच्या वर टांगायचा, म्हणजे काचेत उमटत नाही. तसं केलं. सूनबाई, काय दिसलं म्हणून सांगू! सगळं करडं आहे, रंग नाहीत, पण स्वच्छ. आठही जण झोपलेले. झोपतात म्हणजे एका जागी तरंगत राहतात, कल्ला तेवढा हलतो. त्यांचा रंग झोपेत उतरतो. तो भांडकुदळ मोठा मासा, दिवसभर सगळ्यांच्या मागे लागणारा, तो रात्री कोपऱ्यात सगळ्यात लहानाशेजारी टेकून असतो. गोगलगाय काच चढते, तिला वरपर्यंत जायला दोन तास लागतात. मी ते दोन तास पूर्ण बघितले. ठोंब्या कॉलेजात असताना रात्री टाकीपुढे बसायचा आणि मी वीजबिलावरून ओरडायचो. तो काय बघत होता ते मला आता कळतंय, आणि सांगायला तो नाही.

तेरा रात्री झाल्या. वॉचमन आला नाही.

मी तुला आजवर लिहिलं नाही ते लिहितो. मला भीती वाटते. तो माझ्या हातून गेला असेल का? पाणी बदलताना, जाळीत सापडून, काही? नऊ घेतले होते आणि आठ राहिले, तर मी माझ्या पोराला काय तोंड दाखवू? हे लिहिताना कळतंय की त्याला तोंड दाखवायची वेळ येणार नाही. तरी रोज रात्री तोच विचार येतो.

पण तू म्हणालीस धीर धरा, तर धरतो. तुला यातलं कळतं. आणखी महिनाभर अंधार ठेवून बघू.

बाबा


९ ऑक्टोबर

सूनबाईंना,

मी शेजारचा चष्मेवाला. बाबांनी कळवू नको असं सांगितलं आहे, तरी कळवतो. परवा रात्री ते पडले. खुबा मोडला. काल ऑपरेशन झालं, आता धोका नाही. कॅमेऱ्याची तिपाई त्यांनी संध्याकाळी थोडी सरकवली होती, रात्री उठल्यावर तिच्यात पाय अडकला. एक वाजता पडले, सकाळी सहाला दूधवाल्याच्या बेलला दार उघडेना, म्हणून मी माझ्याकडच्या किल्लीने आत गेलो तेव्हा सापडले. दिव्याचं बटण हाताच्या अंतरावर होतं. मी विचारलं, निदान दिवा तरी लावायचा, तर म्हणाले, मासा बिथरला असता.

मी त्यांना रागावलो आहे. तुम्हीही रागवा. या वयात हा कसला छंद.

आपला,
शेजारी


२१ ऑक्टोबर

ती. बाबा,

हॉस्पिटलात तीन दिवस तुमच्या उशाशी होते, तेव्हा हे बोलायचं होतं. बोलता आलं नाही. तुम्ही प्रत्येक नर्सला सांगत होता, ही माझी सून, हिला कॅमेऱ्यातलं सगळं कळतं. मी मान खाली घालून मोसंबी सोलत राहिले. इथे परत आल्यावर चार कागद फाडले, हा पाचवा.

वॉचमन नाही. फेब्रुवारीपासूनच नाही. मी हॉस्पिटलात दाखवायला त्याचे जुने रिपोर्ट न्यायला एका दिवसासाठी घरी आले होते, आठवतं? तुम्ही पुस्तकांचा गठ्ठा पोचवायला गेला होता. मी माशांना खाणं टाकायला गेले, तर टाकीचं झाकण एका बाजूने उघडं होतं. कपाटाच्या मागे, भिंतीच्या कडेला तो पडला होता. वाळून शेंगेसारखा झाला होता. मी त्याला कागदात गुंडाळलं आणि जिन्यातल्या कुंडीत पुरलं. झाकण नीट बसवलं. तुम्ही आलात तेव्हा मी चहा टाकत होते.

तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुमचा चेहरा आधीच बघवत नव्हता, त्यात झाकणाचं ओझं कशाला. परत गेले तर त्याने पहिला प्रश्न तोच विचारला, वॉचमन कसा आहे? मी म्हणाले, मजेत. मग तो रोज विचारायला लागला, आणि मी रोज सांगायला लागले. आज त्याने दोन फेऱ्या मारल्या, बाबा म्हणत होते. आज गोगलगायीला ढुशी दिली. तो हसायचा, बाबा. त्या दिवसांत तो दुसऱ्या कशाला हसत नव्हता. एकदा खोटं सुरू केलं ते मग मला थांबवता आलं नाही.

तुमचं कॅमेऱ्याचं पत्र आलं तेव्हा वाटलं, आता सगळं उघडं पडणार. मी मुद्दाम तुम्हाला तो आंधळा कॅमेरा पाठवला. गिऱ्हाईक तो परत आणून देतात म्हणूनच तो दाखवायला ठेवलेला होता. मुद्दाम लांब ठेवायला सांगितला. तुम्ही खोकं केलंत, तेव्हा मी अंधाराचं सांगितलं. ते मासेवाले गिऱ्हाईक कुणी नाही. मला वाटलं, कंटाळाल, सोडून द्याल. तुम्ही माझा शब्द न् शब्द पाळाल आणि पाच तास फरशीवर पडून राहाल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. रोज दुकानात मी लोकांना खरा सल्ला देते. फक्त तुम्हाला खोटा दिला.

क्षमा मागायला तोंड नाही. मागते तरी.

सून


३ नोव्हेंबर

चि. सूनबाईस,

पत्र मिळून आठ दिवस झाले. पडून लिहायला त्रास होतो म्हणून उशीर नाही. लिहावंसंच वाटत नव्हतं.

झाकण मीच उघडं ठेवलं असणार. त्या दिवसांत मी दोनदा गॅसही चालू ठेवला होता. तू मला तेव्हाच सांगितलं असतंस तर मी कोसळलो असतो, हे खरं. पण मग मी त्याला फोन केला असता आणि सांगितलं असतं की बाबा रे, तुझा वॉचमन मी घालवला. त्याने मला शिव्या दिल्या असत्या. मी त्या ऐकून घेतल्या असत्या. मग दोघं थोडं रडलो असतो. बाप-लेकांचं ते एक बोलणं व्हायचं होतं, ते तू आमच्यातून काढून घेतलंस. खुब्याचं मला काही वाटत नाही, हाड आहे, जुळेल.

तू वाईट हेतूने केलं नाहीस हे मला कळतं. तरी राग येतो, आणि तो कुठे ठेवावा ते समजत नाही.

आता एक विचारतो. तो गेला त्या सकाळी तू मला सांगितलंस की झोपेतच गेला, त्याला काही कळलं नाही. आणि संध्याकाळी म्हणत होता, 'बाबांना सांग, काळजी करू नका.' सात महिने मी ते वाक्य उराशी धरून आहे. चष्मेवाल्याला दहादा सांगून झालं. पण तुझं पत्र वाचल्यापासून पडल्या पडल्या एकच विचार येतो. ठोंब्या मला आयुष्यात कधी 'काळजी करू नका' म्हणाला नाही. तो म्हणायचा, 'बाबा, डोकं खाऊ नका.'

त्या रात्रीचं खरं काय ते लिही. कसंही असलं तरी लिही. मला बरं वाटावं म्हणून एक अक्षरही घालू नकोस.

बाबा


१० नोव्हेंबर

ती. बाबा,

ते वाक्य माझं आहे. तो तसं काही म्हणाला नव्हता.

रात्री दहाला डॉक्टर बाहेर बोलावून म्हणाले, कुणाला बोलवायचं असेल तर आता बोलवा. फोन माझ्या हातात होता. तुम्हाला ऐकू गेलं नसतं तर चष्मेवाल्या काकांचा नंबर होता. मी आत गेले. तो झोपलेला नव्हता. त्याला सगळं कळत होतं. त्याने विचारलं, "बाबा निघाले का?"

मी म्हणाले, "निघालेत."

मी फोन केलाच नव्हता. साडेबाराला त्याने परत विचारलं. मी म्हणाले, वाटेत आहेत. दोनला विचारलं तेव्हा आवाज फुटत नव्हता, ओठांवरून कळलं. मी म्हणाले, आता पोचतीलच. बाहेर कुणाची पावलं वाजली की तो दाराकडे मान वळवायचा. तीन वाजून चाळीस मिनिटांनी गेला.

मी स्वतःला सांगत आले की तुमचं वय, रात्रीचा प्रवास, तुम्हाला ते सोसलं नसतं. पण तुम्ही एक अक्षरही घालू नकोस म्हणालात. खरं असं आहे की चार महिने तो मला एकटीला मिळालाच नव्हता. सतत कुणीतरी होतं, डॉक्टर, नर्स, भेटायला येणारे. ती शेवटची रात्र मला माझी हवी होती. तुम्ही आला असता तर तो तुमच्याकडे बघत राहिला असता आणि मला खुर्ची मागे घ्यावी लागली असती. मी ती मागे घेतली नाही.

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्ही मला परत लिहिलं नाहीत तरी मी समजून घेईन.

सून


२२ नोव्हेंबर

चि. सूनबाईस,

पत्र गुरुवारी आलं. वाचलं आणि चष्मेवाल्याला स्टँडवर पाठवलं. एप्रिलमधलं वेळापत्रक काय होतं ते विचारून ये म्हणालो. रात्री अकराची गाडी होती. ती पावणेतीनला तिकडे पोचते. स्टँडवरून हॉस्पिटल चालत दहा मिनिटं.

मी पोचलो असतो, सूनबाई.

चष्मेवाला म्हणाला, तिला लिहा की गाडी नव्हती, काय बिघडतं, पोरीचं ओझं कमी होईल. मी पेन हातात घेऊन बराच वेळ तोच विचार केला. लिहिणं सोपं होतं. पण मग माझं हे पत्र हातात घेऊन तूही माझ्यासारखी रात्र रात्र विचार करत बसली असतीस की हे खरं की बाबांनी बनवलेलं. आपल्या दोघांत ते आता नको. म्हणून जे आहे ते लिहिलं.

मी खूप रागावलो आहे. दोन दिवस जेवलो नाही. राग कधी जाईल सांगता येत नाही, जाईल की नाही तेही सांगता येत नाही. पण त्या पत्रातून एक गोष्ट माझ्या हाती आली, आणि ती मी सोडणार नाही. त्याने तीनदा विचारलं. तो शेवटपर्यंत माझी वाट बघत होता. 'काळजी करू नका'पेक्षा हे किती जड आहे ते तुला कळणार नाही, किंवा तुलाच कळेल. त्याच्या उशाशी तू होतीस, आणि त्या रात्रीचं सांगू शकेल असं जगात दुसरं माणूस नाही. मला ते सगळं ऐकायचंय. तो काय बोलला, काय प्यायला, पांघरूण कुठलं होतं. कानाशी येऊन मोठ्याने सांगावं लागेल.

तेव्हा रजा काढून ये, आणि तीन दिवसांसाठी येऊ नकोस. मी तुझ्याशी धड बोलेन असं कबूल करत नाही. कदाचित पहिले काही दिवस मी भिंतीकडे तोंड करून पडून राहीन. तरी ये.

दार वाजवलंस की थांब. वॉकर घेऊन दारापर्यंत यायला मला आता वेळ लागतो. पण मी येतो.

बाबा